मॉडेलमधून चित्र व नकाशा-निर्यात : दोष आणि निवारण (कर्जत–खालापूर)

इमारतीच्या संगणकीय त्रिमित मॉडेलमधून दाखवण्याजोगे चित्र किंवा मोजता येण्याजोगा नकाशा स्वतंत्र फाइल म्हणून बाहेर काढणे म्हणजे निर्यात. कामाच्या बोलीत ती ‘एक्सपोर्ट’च. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, बंगले, शेतघरे, रिसॉर्ट आणि प्लॉटिंगची कामे मोठ्या प्रमाणावर चालतात. त्यांत एकाच मॉडेलमधून ग्राहकासाठी रंगीत व्ह्यू, मंजुरीसाठी प्लॅन-सेक्शन आणि साइटवरच्या मिस्त्रीसाठी मापांची प्रत निघते. या तिन्हींचे दोष वेगवेगळे दिसतात, मात्र बहुतेकांचे मूळ एक्सपोर्टच्या खिडकीत नसून त्याआधी मॉडेल कसे मांडले यात असते. त्यामुळे सेटिंग पुन्हापुन्हा बदलत बसण्याचा उपयोग फारसा होत नाही.

या भागात सर्वांत जास्त गोंधळ घालणारे कारण म्हणजे सर्व्हेचे निर्देशांक. टोटल स्टेशन किंवा रोव्हरने केलेल्या मोजणीची डीडब्ल्यूजी फाइल अनेकदा यूटीएम पद्धतीत येते. दोन्ही तालुके यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात (७२° ते ७८° पूर्व) पडतात. कर्जत गावाचा पूर्वांक सुमारे ३ लाख २३ हजार मीटर आणि उत्तरांक सुमारे २० लाख ९१ हजार मीटर भरतो. म्हणजे मॉडेलच्या शून्यबिंदूपासून घर दोन हजार किलोमीटरांहून लांब जाऊन बसते. सॉफ्टवेअर आपल्या पोटात आकडे ६४ बिटांत ठेवत असले, तरी पडद्यावर चित्र काढणारे ग्राफिक्स कार्ड साधारणपणे ३२ बिटांच्या संख्या वापरते आणि अशा संख्येत जेमतेम सात अंक खरे असतात. १०,४८,५७६ ते २०,९७,१५२ या टप्प्यात दोन लागोपाठच्या संख्यांमधले अंतर ०.१२५ असते. एकक मीटर असेल तर हे साडेबारा सेंटिमीटर झाले, म्हणजे अर्ध्या विटेच्या भिंतीच्या जाडीहून जास्त. २०,९७,१५२ ओलांडले की तेच अंतर दुप्पट, २५ सेंटिमीटर. ही सीमारेषा कर्जत आणि नेरळ यांच्या मधून जाते, त्यामुळे तीच फाइल खोपोलीच्या प्लॉटवर थोडी बिघडते आणि नेरळच्या प्लॉटवर जास्त. स्केचअप आतून इंचांत मोजते. तिथे हाच हिशेब आठ इंचांवर जातो.

लक्षणे ओळखू येण्याजोगी आहेत. कॅमेरा फिरवताना कडा थरथरतात, गोल खांब दातेरी होतात, खिडकीची चौकट भिंतीत बुडते, सावल्या तुटक पडतात. एक्सपोर्ट केलेल्या चित्रात तेच गोठून येते आणि दोष मात्र ग्राफिक्स कार्डाला लागतो. उपाय सोपा आहे, पण तो सुरुवातीलाच करावा लागतो. सर्व्हेची फाइल आधी कॅडमध्ये उघडून हद्दीचा एक दगड शून्यावर आणावा, जितके सरकवले तो आकडा फाइलमध्येच लिहून ठेवावा आणि मगच ती मॉडेलमध्ये घ्यावी. स्केचअपमध्ये आयात करताना मूळ आरंभबिंदू जपण्याचा पर्याय बंद ठेवावा. अंतिम नकाशा निर्देशांकांसह द्यायचा असेल तर शेवटी तेवढेच उलटे सरकवायचे. रेव्हिट आरंभबिंदूपासून फार दूरच्या भूमितीला इशारा देऊन अडवते आणि वापरणाऱ्याला ते जाचक वाटते, पण ती अडवणूक भल्याची आहे.

याच घराण्यातला दुसरा दोष भटक्या वस्तूंचा. सर्व्हेच्या फाइलीतला एखादा बिंदू, ब्लॉक किंवा लेबल मूळ शून्यावर पडून राहते आणि घर भलतीकडे असते. मग कॅमेरा जवळ नेला की भिंती कापल्या जातात आणि चित्रात अर्धे घर उघडे दिसते. पूर्ण मॉडेल पडद्यावर बसवण्याची आज्ञा द्यावी. घर ठिपक्याएवढे दिसले तर काहीतरी दूर पडले आहे हे नक्की.

एककांची चूक लवकर कळत नाही, कारण चित्र सुंदरच दिसते. मिलिमीटरची फाइल मीटर समजून घेतली तर लांबी हजारपट होते, ते डोळ्यांना दिसते. इंच आणि फूट यांची अदलाबदलही दिसते. लपते ती मधल्या टप्प्यावर कोणीतरी ‘बसवून घेतलेली’ फाइल. त्यावर सातबाऱ्यासारखी कसोटी नाही. एक्सपोर्ट झालेल्या डीडब्ल्यूजीतच प्लॉटची बंद रेषा निवडून क्षेत्रफळ काढावे आणि उताऱ्यावरच्या हेक्टर-आरशी ताडून पाहावे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. जमीनमालक बोलतो गुंठ्यांत आणि गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आर आणि गुंठा एकच धरण्याची सवय सर्वत्र आहे. एका एकराला त्यातून सुमारे ४७ चौरस मीटरचा फरक पडतो, म्हणून सव्वा टक्क्याच्या आतली तफावत या सवयीची आणि त्याहून मोठी फाइलची, असा ढोबळ नियम चालतो.

चित्रांच्या बाबतीत तक्रार बहुधा ‘फाटते’ अशी असते. १९२० पिक्सेल रुंदीचे पडद्यावरचे चित्र ८४१ मिमी रुंदीच्या ए-१ कागदावर छापले की इंचाला ५८ पिक्सेल उरतात. ३०० हवे असतील तर ९९३३ × ७०१६ पिक्सेल लागतात, म्हणजे जवळजवळ सात कोटी पिक्सेल, आणि न आकुंचता ते सुमारे २१ कोटी बाइट जागा खातात. इथे जुने कार्ड हात टेकते. कोरे पांढरे चित्र येते, अर्धे काळे येते किंवा प्रोग्रॅमच बंद पडतो. आकार निम्मा करून पाहावा. चित्र नीट आले तर मॉडेल निर्दोष आहे, मर्यादा यंत्राची आहे. भिंतीवर लावायच्या चित्राला १५० पुरतात.

मोठ्या आकाराचा एक उलटा परिणाम असा की रेषा नाहीशा होतात. कडेची रेषा एक पिक्सेल जाडीचीच राहिली तर इंचाला ३०० पिक्सेलला ती ०.०८५ मिमी भरते, केसासारखी. रेषेच्या जाडीचा गुणक त्याच प्रमाणात वाढवावा. छतांबाबत याच्या विरुद्ध काळजी हवी. या पावसाळी भागात उतरते छप्पर आणि मंगलोरी कौले पुष्कळ घरांना असतात. सुमारे ३० सेंमी अंतराच्या कौलांच्या ओळी १:१०० प्रमाणात ३ मिमीवर नीट दिसतात, १:५०० ला त्या ०.६ मिमीवर येतात आणि छप्पर काळा ठोकळा होते. ब्लॉक प्लॅनसाठी कौलांची रेषाकृती बंद केलेली बरी. रेषांच्या चित्राला पीएनजी घ्यावे. जेपेग ८ × ८ पिक्सेलांच्या चौकटींत आकुंचते, त्यामुळे बारीक काळ्या रेषेभोवती करडी धूळ उठते. झाडे, आकाश, डोंगर असलेल्या रेंडरला मात्र जेपेगच सोयीचे.

पीडीएफमध्ये सावल्या आणि कौलांचा पोत गायब होणे हा बिघाड नव्हे. स्केचअपचा थेट पीडीएफ एक्सपोर्ट रेषा आणि सपाट रंग देतो, पोत व सावली सोडून देतो. स्केचअपच्या जोडीच्या लेआउट प्रोग्रॅममध्ये रास्टर, व्हेक्टर आणि दोन्हींचा मिलाफ असे तीन मार्ग आहेत. तिसरा जड असला तरी सादरीकरणाला तोच योग्य.

मंजुरीच्या नकाशांना वेगळी शिस्त लागते. राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. कर्जत आणि खोपोली नगरपरिषदा तिच्या कक्षेत येतात, तर नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित) क्षेत्र आणि माथेरानसारख्या गिरिस्थान नगरपरिषदा तिच्याबाहेर. त्यामुळे एकाच तालुक्यात नकाशाचा साचा बदलू शकतो. प्रस्तावित काम लाल, पाडायचे काम पिवळ्या रेषांनी, सांडपाण्याची वाहिनी लाल तुटक रेषेने, ही रंगांची रीत मॉडेलला ठाऊक नसते. ती निर्यातीनंतर लेअरवर द्यावी लागते. संगणकीय तपासणीत नेमके अडते ते इथे. ही तपासणी ठरलेल्या नावांचे लेअर आणि बंद रेषाकृती मागते, मॉडेलमधून आलेल्या डीडब्ल्यूजीत मात्र एकावर एक दोन-दोन रेषा, वेगवेगळ्या उंचीवरची टोके आणि केसभर उघडे कोपरे असतात. कॅडमधल्या फ्लॅटन आज्ञेने सर्व एका पातळीवर आणावे, ओव्हरकिल आज्ञेने दुहेरी रेषा काढून टाकाव्यात, मग हद्द नव्याने आखावी. जुनी रेषा दुरुस्त करत बसण्यापेक्षा हे लवकर होते.

डोंगरउताराच्या जमिनीत सेक्शनची चूक महाग पडते. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई असल्याने उतार दिसावा तितकाच दिसला पाहिजे. पर्स्पेक्टिव्ह कॅमेऱ्यातून काढलेल्या सेक्शनला प्रमाण नसतेच. समांतर प्रक्षेप चालू केल्यावरच स्केचअपचा प्रमाणाचा रकाना उघडतो. पुढचा घात छपाईत होतो. ए-१ चा नकाशा ‘कागदावर बसवा’ म्हणून ए-३ वर काढला की १:१०० चे गुपचूप १:२०० होते आणि खालचा मजकूर १:१०० च सांगत राहतो. नकाशात आलेखी मापपट्टी ठेवावी, कागदाबरोबर तीही आकसते.

मराठी मजकुराचा दोष दोन प्रकारचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात लिहिलेली नावे तो फाँट नसलेल्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होतात. युनिकोडमध्ये लिहिलेली नावे कचरा होत नाहीत, पण अक्षरजुळणी न जाणणारा प्रोग्रॅम ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर टाकतो आणि जोडाक्षरे हलन्तासह फोडतो, मग ‘किरवली’ची वेलांटी ‘क’च्या मागे येते. कॅडचे एसएचएक्स फाँट यात निरुपयोगी आहेत. शीर्षकपट्टी मंगलसारख्या युनिकोड फाँटात लिहावी, पीडीएफमध्ये फाँट समाविष्ट करावा, आणि तरीही तुटत असेल तर गावाचे नाव रेषाकृती करून बसवावे. मग ते शोधता येत नाही, वाचता मात्र येते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचून पोचते. साइटवर माप वाचायचे असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणून धाडावी.