मागांच्या गावातले वाचक

इचलकरंजीहून कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की शहर कोठे संपले आणि कबनूर कोठे सुरू झाले, हे नवख्या माणसाला उमगत नाही. यंत्रमागांचा खडखडाट दोहीकडे सारखाच. या आवाजात पुस्तकाचे पान उलटल्याचा आवाज कोणाला ऐकू येणार, असे आम्हांलाही प्रथम वाटले होते. आमचा तो समज चुकीचा होता. आणि समज चुकीचा असला की माणसाच्या हातून चूकही घडते. ती आम्ही पुढे सांगणार आहोत.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला. मात्र आज आपटे वाचन मंदिर या नावाने ओळखले जाणारे तेथील ग्रंथालय १८७० चे, म्हणजे यंत्रमागाहून चौतीस वर्षांनी वडील. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर त्याहूनही जुने, १८५० चे. पुढे १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. भारतातील हा पहिला ग्रंथालय कायदा मानला जातो. मद्रासचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी आला, तर महाराष्ट्र राज्याचा १९६७ साली. कोल्हापूरकर कुस्तीचा आणि तांबड्या रश्श्याचा अभिमान मिरवतात, ते योग्यच आहे. पण या कायद्याचे नाव काढताना आम्ही अद्याप कोणाला ऐकले नाही.

वाचकाला पुस्तक मिळाले की लेखकाला पाहावेसे वाटते. या बाबतीत कबनूरच्या वाचकाचे भाग्य थोर. 'वळीव' आणि 'टारफुला' लिहिणारे शंकर पाटील याच हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोलीचे. 'झोंबी'कार आनंद यादव कागलचे, 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत आजऱ्याचे, 'स्वामी' लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जयंत नारळीकर यांचा जन्मही कोल्हापूरचाच, १९३८ चा. त्याच वर्षी वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरास आले आणि शेवटपर्यंत कोल्हापूरकर राहिले. १९७४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे ते मानकरी झाले. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. लिहायचे ते सांगून लिहवून घ्यावे लागे आणि वाचायचे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागे. आयुष्यभर ग्रंथांत रमलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावे, याचा विचार मनात आला की आम्ही आमचा चष्मा जरा अधिक जपून ठेवतो.

१९७४ साली तर साहित्यिकच इचलकरंजीच्या दाराशी आले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते पन्नासावे अधिवेशन, अध्यक्ष पु. ल. देशपांडे. आम्ही तेव्हा दप्तर घेण्याच्याही वयाचे नव्हतो. पण पुढे या भागात आमची नेमणूक झाली, तेव्हा त्या संमेलनाच्या गोष्टी सांगणारी वडीलधारी माणसे आम्हांला भेटली. ऐकलेली भाषणे त्यांना फारशी आठवत नव्हती. आठवत होते ते एवढेच, की ज्यांचे पुस्तक उशाशी घेऊन झोपलो तो माणूस आपल्या डोळ्यांसमोर उभा होता.

आता आमची गोष्ट. सेमिनरीतून बाहेर पडून आम्हांला फार वर्षे झाली नव्हती. कबनूरच्या एका यंत्रमाग कामगाराचा मुलगा रविवारच्या मिस्साला नियमित येई. त्याच्या पिशवीत नेहमी ग्रंथालयाचे पुस्तक असे. एकदा बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा, एकदा 'अपूर्वाई', एकदा नारळीकर, एकदा शंकर पाटील. त्याला कशाचेच वावडे नव्हते. एके दिवशी त्याने साठवलेल्या पैशांतून विकत घेतलेले 'मृत्युंजय' आम्हांला दाखविले आणि विचारले, "फादर, तुम्ही पुण्याला जाता. मला सोबत न्याल का? सावंतसाहेब तिथंच असतात. सही घ्यायची आहे." आम्ही हसलो. हे सारे वाचण्यात वेळ दवडण्यापेक्षा एखादे संतचरित्र वाच, असा उपदेश केला आणि एकटेच पुण्याला गेलो.

मुलगा आज्ञाधारक होता, हेच वाईट झाले. त्याने संतचरित्रही वाचले नाही आणि दुसरेही काही वाचले नाही. तो मागावर गेला. २००२ साली शिवाजी सावंत निवर्तले.

आमच्या त्या उपदेशामागे जुनी सवय होती. रोमने १५५९ साली निषिद्ध ग्रंथांची सूची काढली आणि ती चारशे वर्षांहून अधिक काळ चालली. व्हिक्टर ह्यूगो यांची 'ले मिझेराब्ल' १८६४ मध्ये त्या सूचीत गेली. चोराच्या हाती चांदीच्या समया देऊन त्याला माणसात आणणारा बिशप ज्या कादंबरीत आहे, तीच कादंबरी श्रद्धावंतांनी वाचू नये, असा हा प्रकार! १९६६ साली सूचीचे कायदेशीर बंधन संपले. आमचे सेमिनरीतील शिक्षण त्यानंतरचे, तरी सूची मनातून गेलेली नव्हती.

दिवंगत पोप फ्रान्सिस तरुणपणी, १९६४-६५ मध्ये, अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत साहित्य शिकवीत. विद्यार्थ्यांना जुने महाकाव्य नको होते, आधुनिक कवी हवे होते. त्यांनी महाकाव्य घरी वाचायला सांगितले आणि वर्गात मुलांना आवडेल ते घेतले. एवढ्यावर न थांबता त्यांनी थोर लेखक बोर्खेस यांना वर्गात बोलाविले. बोर्खेस यांची दृष्टी तोवर गेलेली होती. तरी ते आले आणि पुढे त्या मुलांच्या कथासंग्रहाला त्यांनी प्रस्तावना दिली. जुलै २०२४ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, याच पोपनी साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे पत्र लिहिले. आरंभी ते धर्मगुरूंच्या शिक्षणापुरते योजले होते. ते वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसलो. सांता फेच्या त्या शिक्षकाकडे मुलाने सही मागितली असती, तर त्याने काय केले असते, हे आम्हांला कोणी सांगायला नको होते.

गेल्या वर्षी घरे आशीर्वादित करण्याच्या निमित्ताने कबनूरला जाणे झाले. तोच मुलगा आता पन्नाशीकडे झुकला आहे. त्याची कन्या महाविद्यालयात शिकते आणि हाती पडेल ते वाचते. बापाने तिला कधी अडविले नाही. आम्ही त्या पुण्याच्या प्रवासाचा विषय काढला आणि क्षमा मागितली. तो म्हणाला, "फादर, मी तर विसरलो होतो." परंतु उठून कपाटातून 'मृत्युंजय' काढून आणले ते त्यानेच. पहिले पान कोरे होते. कन्येने पेन पुढे केले आणि म्हणाली, "मग आता तुम्हीच सही करा की!"

आम्ही सही केली नाही. पुस्तक तिच्या हाती दिले आणि तिने केलेला चहा घेतला.