कृष्णाकाठचा पान्हा

म्हैस किती दूध देते, हे गिऱ्हाईक विचारते. म्हैस पान्हावली का, हे गोठ्यातले माणूस विचारते. संस्कृतातील ‘प्रस्नव’ या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला ‘पान्हा’ हा शब्द मराठीत आईला आणि जनावराला सारखाच लागतो. आणि हा पान्हा आणण्याचे जे शिरस्ते सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील रयतेने, मग ती वाई-कऱ्हाडच्या पाणथळ काठाची असो की माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणी मुलखातील असो, पिढ्यानपिढ्या पाळले, त्यांचा वृत्तांत एकदा नीट लिहावा असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

लहानपणी एका कृष्णाकाठच्या खेड्यात आत्याबाईंच्या गोठ्यात पाहिलेली धार अजून डोळ्यांपुढे आहे. पहाटे कंदिलाच्या उजेडात त्या प्रथम म्हशीपुढे सरकीपेंडीचे आंबोण ठेवीत, मग कासेवर कोमट पाणी शिंपडीत आणि रेडकाचे दावे सोडीत. ते धावत जाऊन कासेला ढुशा देई, चारही सड आळीपाळीने चोखी, आणि त्याच्या तोंडाच्या कडेला फेस दिसू लागला की आत्याबाई त्याला ओढून म्हशीच्या पुढच्या पायाशी बांधीत, म्हणजे ती त्याला चाटीत उभी राही. तेवढ्या अवधीत सुरकुतलेले सड भरून ताठ झालेले असत. मग कासंडी गुडघ्यांत धरली जाई. रिकाम्या भांड्यावर आपटणाऱ्या पहिल्या धारेचा बारीक, कोरडा आवाज भांडे भरत येई तसा जाड होत जाई. शेवटी एक सड मुद्दाम राखून त्या रेडकाला पुन्हा सोडीत आणि म्हणत, ‘त्याचं त्याला.’

या मुलखाची जनावरेही या शिरस्त्याला साजेशीच होती. औंध संस्थानच्या आटपाडी महालाचे नाव ज्या खिल्लार जातीच्या एका शाखेला लागले, ती गाय दुधासाठी नव्हे, तर नांगराचा व मोटेचा बैल निपजावा म्हणून पाळली जाई. तिच्या दुधावर पहिला हक्क वासराचा, आणि उरेल ते घराचे. दुधासाठी होती ती पंढरपुरी म्हैस, जिची तलवारीसारखी लांब शिंगे मागे पाठीवर जातात आणि जी सोलापूरप्रमाणेच सांगली, सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतही नांदते. हिची ख्याती अशी की ती दिवसातून अनेकदा, थोडीथोडी, गिऱ्हाइकाच्या समोर पान्हा सोडते. कोल्हापुरात धारोष्ण दूध पिण्याची जी प्रथा रुजली, ती या एका गुणाच्या जोरावर.

आत्याबाईंच्या हातांना जे ठाऊक होते, ते विज्ञानाला उमगण्यास बराच काळ लागला. 1906 मध्ये हेन्री डेल यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते असे आढळले. 1910 मध्ये त्याच अर्काने दूध उतरते हेही दिसून आले. आणि 1953 मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी त्यातील ऑक्सिटोसिन हे द्रव्य, अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी, प्रयोगशाळेत घडविले, त्याबद्दल 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. रेडकाच्या जिभेचा स्पर्श सडांतील मज्जातंतूंनी मेंदूतील अधश्चेतकाकडे पोहोचतो. तेथे तयार होणारे ऑक्सिटोसिन पीयूषिकेच्या मागील भागातून रक्तात उतरते. आणि कासेतील दुधाच्या सूक्ष्म कोशांभोवती जाळ्यासारख्या लपेटलेल्या पेशींवर त्याचे जे ग्राही असतात, त्यांना ते जाऊन लागले की त्या पेशी आवळतात आणि कोशांतले दूध सडांकडे उतरते. मानवी ग्राहीची रचना तादाशी किमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केली. बाळंतिणीच्या अंगी आणि म्हशीच्या अंगी हे द्रव्य एकच असते. हे वाचले तेव्हा दोघींसाठी एकच शब्द योजणाऱ्या भाषेविषयी मला मोठा आदर वाटला.

त्यातही म्हशीची गोष्ट गाईहून निराळी आहे. गाईच्या कासेत सुमारे पाचवा हिस्सा दूध आधीच खालच्या पोकळीत उतरून राहते, म्हशीच्या कासेत जेमतेम विसावा. बाकीचे सारे कोशांत अडकलेले असते आणि पान्हा आल्यावाचून कितीही ओढले तरी हाती लागत नाही. म्हणूनच रेडकू मेले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवण्यापर्यंत माणसाची मजल गेली. म्हैस बिचकली की दूध चढविते, म्हणून धारेच्या वेळी परक्याने गोठ्यात येऊ नये, हा दंडकही निराधार नव्हता: 1941 मध्ये ईली व पीटरसन या अमेरिकी संशोधकांनी कागदी पिशव्या फोडून गाईंना दचकविले आणि भयाने पान्हा अडतो हे दाखवून दिले.

दुसरीकडे जुलमाची वाटही जुनीच आहे. कलकत्त्याच्या गवळवाड्यांत जनावराच्या योनिमार्गात हवा फुंकून दूध उतरविण्याची ‘फुंका’ नामक क्रूर रीत होती. तिची माहिती कळल्यावर गांधीजींना गाई-म्हशींच्या दुधाची शिसारी आली, त्यांनी दूध सोडले, आणि पुढे आजारपणात कस्तुरबांच्या आग्रहावरून शेळीचे दूध तेवढे घेतले. फुंक्यानेही मेंदूतून तेच द्रव्य सुटते, परंतु जनावराच्या वेदनेच्या मोलाने. प्राणिक्लेश प्रतिबंधाच्या 1960 च्या कायद्याने फुंका हा अपराध ठरविला असून अपराध्याचे जनावर सरकारजमा होते.

इकडे सातारा-सांगलीच्या मुलखात 1939 मध्ये भिलवडीस चितळ्यांनी दुग्धव्यवसाय मांडला, पुढे गावोगावी सहकारी संस्था निघाल्या, आणि दूध हा घरातला जिन्नस न राहता रोख पैशाचा माल झाला. यात दुष्काळी शेतकऱ्याचे कल्याण झाले, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु प्रत्येक पेल्याला किंमत आल्यावर रेडकाच्या वाट्याचा सड पहिल्याने गेला. त्यातही नर रेडकू निरुपयोगी म्हणून उपाशी मेले, आणि ते मेले की म्हैस अडू लागली. अशा अडलेल्या म्हशीसाठी जागोजागी सुई निघाली, आणि जे द्रव्य जनावराच्या मेंदूने मायेपोटी सोडावयाचे, ते कुपीतून टोचले जाऊ लागले. या गैरवापरास आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कारखान्यांना ऑक्सिटोसिन बनविण्याची मनाई केली. तथापि बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून स्त्रियांचे प्राण वाचविणारे औषध हेच असल्यामुळे दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात ती मनाई रद्द केली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. कुपी दवाखान्यात राहिली पाहिजे. गोठ्यात तिचे काम नाही.

सातारा-सांगलीकडे ज्यांच्या दावणीला आजही रेडकू सोडून धार काढली जाते, त्यांनी तो शेवटचा एक सड त्याच्यासाठी राखून ठेवावा, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.