जुना वाडा आणि जाणते हात

मंडळी, आपल्या गावात एखादा जुना वाडा असेलच. देशमुखांचा असेल, पाटलांचा असेल, नाहीतर इनामदारांचा असेल. त्याची एक भिंत ढासळलेली, माळवद गळणारे, चौकात एरंड माजलेला. येणारा-जाणारा म्हणतो, "आता काय राहिलंय यात? पाडा एकदाचा आणि मोकळे व्हा." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे, कधी बोललेही असू. आज त्यालाच उत्तर द्यायचे आहे, आणि त्यासाठी तुम्हाला पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात घेऊन जायचे आहे.

हा वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८०७ साली तो उभा राहिला. रस्त्यावरून पाहिले, की प्रथम डोळ्यांत भरते ते त्याचे सागवानी दर्शनी काम. सुरूच्या झाडासारखे निमुळते होत गेलेले कोरीव खांब, त्यांच्यामधल्या महिरपी, आणि पुढे झुकलेला नक्षीदार सज्जा. १८१८ साली पेशवाई बुडाली. धनी गेला, वाडा मागे राहिला. १८२१ साली इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा काढली.

मग आले १८७९ साल. त्या वर्षी पुण्यात दोन जुने वाडे पेटले. एक बुधवार वाडा, दुसरा हा विश्रामबाग. बुधवार वाडा गेला तो गेलाच. विश्रामबागेचाही पूर्वेकडचा भाग जळाला; पण इथे लोक हात बांधून बसले नाहीत. वर्गणी जमली, नगरपालिकेने हातभार लावला आणि जळालेला भाग पुन्हा उभारला गेला. पुढे बरीच वर्षे नगरपालिकेची कचेरी याच वाड्यात होती. त्याच्याही आधी, १८२८ साली, शनिवारवाड्याला आग लागली होती. तो मात्र कोणी पुन्हा बांधला नाही. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती दिसतात. वरचे मजले फक्त कागदांत उरले आहेत.

आग सगळीकडे सारखीच असते. जे घर लोकांच्या वापरात असते, त्याच्यासाठी धावणारे कोणीतरी असते. जे ओस पडले, त्याला वाली नसतो.

विश्रामबाग वाडा आता महानगरपालिकेकडे आहे. गेल्या काही दशकांत त्याच्या दुरुस्तीची कामे झाली. अशी दुरुस्ती म्हणजे रंगरंगोटी नव्हे. ते वैद्याचे काम आहे. आधी नाडी पाहायची, मग औषध.

आपला जुना वाडा मुख्यतः लाकडाच्या सांगाड्यावर उभा असतो. दगडी तळखड्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट. भिंत बहुधा नुसती भरणीची. म्हणून भिंत पडली तरी घर उभे राहते. पण तुळईचे टोक कुजले, की घर बसते. आणि हे टोक कुजते ते नेमके भिंतीत शिरते तेथे, जेथे कोणाला दिसत नाही. जाणता सुतार लाकडावर टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि सांगतो, "इथवर पोकळ आहे, पुढे धड आहे." मग तो सगळी तुळई फेकून देत नाही. कुजका भाग कापतो, त्याच जातीचे पक्के लाकूड घेतो, एकाला कुसू काढतो, दुसऱ्याला त्याच्या मापाची खाच पाडतो आणि दोन्ही बेमालूम सांधतो. जुने जेवढे वाचेल तेवढे वाचवायचे, हा या कामाचा पहिला नियम.

गवंड्याचे कामही असेच. पुष्कळ ठिकाणी जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते. पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. विटा भुसभुशीत होतात, लाकूड कुजते. चुन्याची भिंत ओल घेते तशी सोडतेही. म्हणून जुन्या घराला चुनाच हवा. कळीचा चुना विरवायचा, मुरू द्यायचा, वाळूबरोबर घाणीत बारीक मळायचा. त्यात कोणी गुळाचे पाणी घालतात, कोणी बेलफळाचा गर, कोणी हिरडा. हे काम सावकाशीचे आहे. चुना हवा शोषून हळूहळू दगडासारखा होतो. त्याला घाई चालत नाही.

आणखी एक पथ्य. लाकूड उतरवण्याआधी प्रत्येक नगावर खूण घालायची, चित्र काढून ठेवायचे. जेथे मूळ नक्षी कशी होती हे कळत नाही, तेथे मनाची नक्षी कोरायची नाही. साधे लाकूड बसवावे. खोटा इतिहास बसवू नये.

आता खरी काळजीची गोष्ट सांगतो. पैसा उभा करता येतो, सागवान मिळते. पण हे हात? ज्याच्या आजोबाने वाड्याचे खांब कोरले, तो आज दारे-खिडक्यांच्या तयार चौकटी बसवतो, कारण दुसरे काम त्याला कोणी देत नाही. त्याच्या मुलाला कुसू कशाला म्हणतात हेही ठाऊक नसते. वाडा पडला तर एक घर गेले. हे ज्ञान गेले, तर पुढची सगळी घरे गेली.

मग आपण काय करावे? आधी पाणी थांबवा. गळकी कौले बदला, पन्हळी साफ करा, भिंतीत उगवलेला पिंपळ लहान आहे तोवर मुळासकट काढा. एवढ्याने वाड्याचे आयुष्य कितीतरी वर्षांनी वाढते. आणि वाड्याला काही काम द्या. वाचनालय असो, बालवाडी असो, नाहीतर भजनी मंडळाची बैठक असो.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुम्हाला वेगळी विनंती. एखाद्या शनिवारी मुलांना गावच्या वाड्यात न्या. बरोबर गावातला म्हातारा सुतार किंवा गवंडी असू द्या. तळखडा, तुळई, महिरप, ओसरी, देवळी, एकेक नाव त्याच्या तोंडून ऐकून मुलांनी वहीत उतरावे. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर, गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव कोरलेले आहे. आपल्या गावच्या वाड्यावर असे नाव बहुधा कोठेच नसेल. ते निदान मुलांच्या वहीत तरी असावे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "पाडा एकदाचा," तर त्याला एवढेच विचारा : "पाडायला चार दिवस पुरतील, पण पुन्हा असा बांधील कोण?"