नाना चौकातले पदार्थविज्ञान

मुंबईतल्या पदार्थविज्ञानाचा इतिहास लिहिणारे बहुधा कुलाब्याकडे वळतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली आणि १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची नवी इमारत खुली झाली. पण अकरा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींनी हा विषय कसा शिकला, हे पाहायचे तर गिरगाव ओलांडून ग्रँट रोडजवळच्या नाना चौकातल्या महापालिका शाळेत यावे लागते. टाटा संस्थेने सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले, तेव्हा त्याचा संसार या शाळेच्या इमारतीत मांडला गेला. मानखुर्दला स्वतःची वास्तू मिळेपर्यंत, म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत, तो तिथेच होता. सहावी-सातवी-आठवीच्या मुलांचे पदार्थविज्ञान नेमके कुठे अडते, याचा शोध या शहरात सर्वांत नेटाने तिथे घेतला गेला. तिथे हाती लागलेले उत्तर असे, की ते मुलांच्या बुद्धीपाशी अडत नाही आणि मुख्यतः उपकरणांपाशीही अडत नाही. ते अडते पुस्तकाच्या भाषेपाशी, आणि त्या भाषेमुळे वर्गात गप्प बसलेल्या मुलापाशी. हे उत्तर आजही खरे आहे आणि आपण ते पुरेसे मनावर घेतलेले नाही, असे माझे मत आहे.

मराठीत पदार्थविज्ञान बोलण्याची परंपरा मुंबईला नवी नव्हती. एल्फिन्स्टन संस्थेत शिकवणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढले आणि शास्त्रीय विषय सामान्य वाचकापुढे ठेवले. पुढे १८४८ मध्ये याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी साहित्य व विज्ञानविषयक सभा स्थापन केली. तिच्या मराठी व गुजराती शाखांतून तरुण मंडळी आपल्या भाषेत निबंध वाचत आणि त्यांवर चर्चा होई. दादाभाई नौरोजी राजकारणात येण्यापूर्वी एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक होते, आणि याच सभेच्या कामात पुढे होते. त्या मंडळींना शास्त्र ऐकण्याइतकेच ते आपल्या तोंडाने मांडणे महत्त्वाचे वाटले, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मात्र हे सारे शिकलेल्या थोड्यांपुरते होते. परळ, दादर, वरळीच्या कामगार वस्तीत शाळा सक्तीची झाली ती १९२५ मध्ये, महापालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले तेव्हा. शिवाय महापालिकेची शाळा बहुतेकांसाठी सातवीला संपे. बल, दाब, उष्णता यांची जेमतेम ओळख होते न होते तोच मुलाला दुसरी शाळा शोधावी लागे किंवा कामाला लागावे लागे. जी मुले पुढे जात, त्यांनाही जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.मध्ये पदार्थविज्ञान-रसायन हा विषय न घेता शालान्त होता येत असे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे विज्ञान आणि गणित सर्वांना शिकवावे अशी शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा मार्च १९७५ मध्ये झाली. नाना चौकातले केंद्र नेमके या वळणावर सुरू झाले. विषय ऐच्छिक असताना ज्याला जमत नसे तो तो सोडून देई, त्यामुळे शिकवण्यातला दोष झाकला जाई. आता तो झाकण्याची सोय उरली नाही.

केंद्राचे संस्थापक-संचालक व्ही. जी. कुलकर्णी स्वतः टाटा संस्थेतले पदार्थवैज्ञानिक. त्यांनी आणि व्ही. जी. गंभीर यांनी एक सरळ प्रयोग केला. विज्ञानाच्या प्रचलित मराठी पाठ्यपुस्तकातला आशय तोच ठेवायचा, भाषा तेवढी सोपी करायची, आणि दोन्ही प्रकारांनी शिकलेल्या मुलांची तुलना करायची. सोप्या भाषेतल्या पुस्तकावर शिकलेल्या मुलांची कामगिरी लक्षणीय सुधारली. त्याहून बोलके निरीक्षण असे, की त्या वर्गांतला संवाद वाढला. असे का व्हावे, ते आर्किमिडीजच्या तत्त्वावरून कळते. द्रवात पूर्णपणे किंवा अंशतः बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके बल वरच्या दिशेने कार्य करते, असे आपण एका दमात सांगतो. या वाक्यात वस्तू बुडण्याच्या दोन शक्यता आहेत, द्रव बाजूला सरणे आहे, त्या द्रवाचे वजन आहे, वर ढकलणारे बल आहे आणि शेवटी या दोहोंची बरोबरी आहे. बारा वर्षांच्या मुलाला क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर हे सारे डोक्यात धरून ठेवावे लागते. तेच पायरीपायरीने सांगितले, की वस्तू पाण्यात सोडली, तिने आपल्यापुरती जागा केली, तेवढे पाणी सरले, त्या पाण्याचे वजन करून पाहू, आता वस्तू किती हलकी लागते ते ताणकाट्यावर पाहू, तर प्रत्येक पायरीवर मुलाला 'का?' विचारायला जागा मिळते. एकाच लांब वाक्यात असा प्रश्न शिरकवायला फट नसते. मग मूल ते पाठ करते, आणि पाठांतर म्हणजे समज असा शिक्षकांचाही समज होतो. लालबाग-परळच्या घरांत तर आणखी एक पदर होता. गिरण्यांत काम करणारी कुटुंबे मुख्यतः रत्नागिरी आणि सातारा बाजूची. घरात कोकणातली किंवा घाटावरची बोली, पुस्तकात तिसरीच मराठी.

यावर पहिला आक्षेप असा, की भाषा सोपी केली की शास्त्र पातळ होते. नाना चौकातला प्रयोग आशयाला हात न लावता झाला होता, तेव्हा त्यावर हा आक्षेप लागू पडत नाही. शास्त्राची काटेकोर भाषा मुलांना यायलाच हवी, हे मान्यच आहे. प्रश्न तिच्या क्रमाचा आहे. नियमाचे नेमके वाक्य धड्याच्या शेवटी, मुलाने घटना पाहून स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावर आले, तर ते त्याला आपल्या निरीक्षणाचा सारांश वाटते. आरंभीच आले तर ते मंत्रासारखे राहते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रयोगशाळाच नसेल तर भाषा सुधारून काय होणार? पण या परिसराकडे पाहावे. देशातली पहिली यशस्वी कापडगिरणी नाना चौकाच्या शेजारी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली, आणि पुढे परळ-लालबाग हा भाग बाष्पक, पट्टे, कप्प्या आणि धुराड्यांनी भरून गेला. खोपोलीला घाटावरच्या तलावांचे पाणी उतरवून केलेली वीज १९१५ पासून या गिरण्यांत येऊ लागली. उंचावरच्या पाण्याच्या स्थितिज ऊर्जेपासून फिरत्या चातीपर्यंतची ऊर्जारूपांतराची सगळी साखळी मुलांच्या बापांच्या हाताखाली रोज फिरत होती. विणखात्यात हवा दमट का ठेवतात, तर कोरड्या हवेत सूत तुटते, हे ज्ञान चाळीतल्या घराघरांत होते. आणि उपकरणांचे म्हणाल तर विजेच्या सामानाची लोहार चाळ आणि रेडिओच्या सुट्या भागांचा लॅमिंग्टन रोड दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. तार, घट, दिवा आणि चुंबक यांपलीकडे सातवीच्या विद्युत प्रकरणाला फारसे काही लागत नाही. सुसज्ज प्रयोगशाळा हवीच. वरळीला १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्राची इमारत उघडली, तेव्हा शहरातल्या मुलांना हात लावून पाहता येईल अशी मोठी जागा मिळाली, हे तिचे ऋण मोठे आहे. पण साऱ्या परिसराने भोवती उपकरणे मांडून ठेवलेली असताना वर्गात पदार्थविज्ञान उमजत नव्हते, यावरून उणीव दुसरीकडे होती असे मानणे मला भाग पडते. बापाच्या कामातले ज्ञान वर्गात आणायचे तर ते मुलाला बोलून दाखवावे लागते, आणि ते ज्या भाषेत बोलेल ती ऐकून घेण्याची तयारी शिक्षकात असावी लागते.

तिसरा आक्षेप फारसा उघडपणे बोलला जात नाही, पण मनात असतो: काही मुलांना हा विषय झेपतच नाही. याला उत्तर देणारे काम कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात केले. महापालिकेच्या शाळांतली, वंचित समाजातली मुले आठवीत निवडून त्यांना शालान्त परीक्षेपर्यंत नियमित पूरक शिकवणे दिले गेले. त्यात भाषेच्या अडचणी शोधून दूर करण्यावर आणि मुलांना बोलते करण्यावर भर होता. त्या मुलांचे निकाल ठळकपणे उंचावले. ज्यांच्या घरात शाळेचे पुस्तक समजावून देणारे कोणी नव्हते, त्यांना तेवढी एक गोष्ट मिळाली आणि 'झेपत नाही' हे म्हणणे गळून पडले. ही वर्षे गिरणगावावर आकाश कोसळण्याची होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांतला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांच्या घरांचा आधार डळमळला. अशा काळात मिळालेला हा पुरावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो.

त्याच सुमारास, १९८१ पासून, मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत ठेवून तिने अनेक मुलांना पुस्तकाबाहेर काढले. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण स्पर्धा आधीच बोलणाऱ्या मुलाला शोधते आणि नाना चौकातले काम गप्प मुलाला बोलते करत होते. पालकांच्या उत्साहात, आणि भोवती उभ्या राहिलेल्या शिकवणी वर्गांत, शहराने पहिली वाट उचलली आणि दुसरी शिक्षणशास्त्राच्या अहवालांत राहू दिली.

आता गिरगाव-दादरमधल्या मराठी शाळांचे वर्ग आटत आहेत, आणि परळ-लालबागचे पालकही इंग्रजी माध्यमाकडे वळले आहेत. मराठी पुस्तकाची भाषा हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला, असे कोणी म्हणेल. मला तो वाढलेला दिसतो. आर्किमिडीजचे तेच लांब वाक्य आता मुलाच्या घरी कोणीच बोलत नाही अशा भाषेत त्याच्यापुढे येते, आणि शिक्षकालाही वर्गात ते मोकळेपणाने फोडून सांगायचा धीर होत नाही. आशय तोच ठेवून भाषा बदलायची आणि वर्गातले प्रश्न मोजायचे, हा नाना चौकातला प्रयोग महापालिकेच्या आजच्या इंग्रजी माध्यमाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांत पुन्हा करायला हवा, आणि त्यात मुलांना मराठीत प्रश्न विचारायची मुभा ठेवायला हवी.