साडेचारशेची धास्ती

बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. एकेएमला ७.६२ लागते, एम४१६ ला ५.५६ आणि एडब्ल्यूएमला .३०० मॅग्नम, हे तो डोळे न उघडता सांगेल. गेममधली कार९८केसुद्धा ७.६२ वर चालते. खऱ्या कार९८केची गोळी मात्र ७.९२ मिलिमीटरची. गेम बनवणाऱ्यांनी सोय पाहिली आणि आकडा बदलला. सोयीसाठी आकडा बदलण्याची ही युक्ती गेमवाल्यांची नाही, ती शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा सगळ्यात गमतीदार प्रयोग आपल्या देशामुळे झाला.

मी पुण्यात कोड लिहून पोट भरतो. मूळ गाव कोरेगाव, जिल्हा सातारा. शिकार मी कधी केली नाही, करायची इच्छाही नाही. पण यंत्राच्या अंगावर एखादा आकडा कोरलेला दिसला की तो तिथे का आहे हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या रायफलींवर .४५०, .४६५, .४७०, .४७५, .४७६ असे आकडे असतात. इंचाच्या हजाराव्या भागाच्या फरकाने इतकी काडतुसं कशाला? हत्ती आणि गवे अशा मापाने जन्माला येतात का? उत्तर शोधत गेलो तर ते जंगलात सापडलं नाही, कायद्यात सापडलं.

शिशाच्या गोळ्या आणि पांढरा धूर

आधी जुनी पद्धत पाहू. गावाकडे ‘बारा बोअर’ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. त्यातले बारा कसले? एक पौंड शिसं घेऊन त्याच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणजे आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी. हत्तीसाठी ‘चार बोअर’ची बंदूक असे. तिची एक गोळी पाव पौंडाची, सुमारे ११३ ग्रॅम, आणि नळीचं तोंड इंचभराचं.

एवढी अवजड गोळी लागायची, कारण काळ्या दारूला वेगाची मर्यादा होती. दारू कितीही वाढवली तरी गोळी एका हद्दीपलीकडे पळत नाही, मग जोर वाढवायचा तर वजनच वाढवायचं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी वाघाच्या मागावर असताना अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पोचला, तेव्हा जमाना ठासणीच्या बंदुकांचा होता. नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी टाका, गजाने ठासा. बार उडाला की पांढऱ्या धुराचा पडदा. समोरचा वाघ पडला, पळाला की आपल्याच अंगावर येतोय, हे धूर निवळल्यावर कळायचं.

१८८४ मध्ये पॉल व्येई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू बनवली. इंग्रजांनी १८८९ मध्ये ‘कॉर्डाइट’ आणलं. दिसायला बारीक शेवयांसारखं, जोर कितीतरी पट. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीने ते मोठ्या पितळी पुंगळीत भरून .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस बाजारात आणलं. ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ६५५ मीटर. चार बोअरच्या गोळीच्या जेमतेम पाव वजनात हत्ती आडवा करणारी ताकद आली. हिंदुस्थानातल्या आणि आफ्रिकेतल्या शिकाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. बंदुकांच्या इतर कारखान्यांनीही आपापली .४५० काढली.

आणि नेमक्या याच आकड्यावर सरकारची नजर गेली.

ब्लॉकलिस्ट, १९०७

काडतूस आणि भीती यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. १८५७ च्या उठावात चरबी लावलेल्या काडतुसांचं निमित्त झालं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्यानंतर इंग्रजांनी देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक द्यायचा रिवाज ठेवला. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला हत्यार बाळगायला परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट राहिली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी साथीदार घेऊन दख्खनमध्ये बंड उभारलं. सरकारची भीती काही हवेतली नव्हती.

१८७१ पासून इंग्रज फौजेत मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिच्या काडतुसाचं नाव .५७७/४५०, म्हणजे गोळी ‘साडेचारशे’ची. नवी .३०३ आल्यावर मार्टिनी देशी पलटणींकडे आल्या. त्यातल्या काही चोरीने, काही लढाईत, सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती गेल्या. बंदूक पळवता येते, पण गोळ्या रोज लागतात. साहेबांच्या शिकारीसाठी बोटीने येणाऱ्या .४५० च्या गोळ्या बंडखोरांच्या मार्टिनीत गेल्या तर? या धास्तीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० काडतुसांची आयात बंद झाली.

तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर शिकारीचं लांबलचक काडतूस मार्टिनीत जसंच्या तसं बसत नाही. गोळी उपटून दुसऱ्या पुंगळीत भरावी लागली असती. पण सरकारला असल्या बारकाव्यांशी कर्तव्य नव्हतं. व्यास जुळतोय ना? बंद.

आमच्या धंद्यात हा अनुभव रोजचा आहे. चॅटमध्ये एखादा शब्द ब्लॉक केला की लोक स्पेलिंगमध्ये एक अक्षर बदलून तोच शब्द लिहितात. लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनी हेच केलं. हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ काढलं. जोसेफ लँगने .४७० काढलं. वेस्टली रिचर्ड्सने .४७६, तर इतरांनी .४७५ चे दोन-तीन प्रकार. गोळीचं वजन जवळपास तेच, वेग तोच, मार तोच. फक्त व्यास असा की मार्टिनीत जाणार नाही. हत्तीला फरक कळला नसता, कस्टमच्या कारकुनाला कळत होता.

जिम कॉर्बेटची आवडती दुनळी रायफल .४५०/४०० होती. नावात ४५० आहे, पण ते पुंगळीचं माप. पुंगळीचं तोंड आवळून त्यात साधारण .४१ इंचाची गोळी बसवलेली. म्हणून ती हिंदुस्थानात चालली.

मग नवं चांगलं की जुनं?

बंदुकांच्या हौशी लोकांचा हा आवडता वाद आहे. जुनं म्हणून .४७० घेऊ आणि नवं म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेलं .४१६ रेमिंग्टन मॅग्नम.

.४७० ची गोळी ३२.४ ग्रॅम, वेग सुमारे ६५५ मीटर. .४१६ ची गोळी २६ ग्रॅम, वेग सुमारे ७३०. ऊर्जेचं सूत्र आपण बारावीत पाठ केलंय: अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दोन्हीकडे उत्तर येतं सात हजार ज्यूलच्या आसपास. एके-४७ च्या गोळीची ऊर्जा साधारण दोन हजार ज्यूल असते, म्हणजे ही तिच्या साडेतीन पट. ऐंशी वर्षांच्या प्रगतीनंतर ताकद तीच!

बदलला तो दाब. कारच्या टायरमध्ये आपण ३२-३५ पीएसआय हवा भरतो. .४७० च्या पुंगळीत बार उडताना दाब साधारण ३५ हजार पीएसआय, म्हणजे टायरच्या हजार पट. .४१६ रेमिंग्टनमध्ये तो साठ हजारांच्या पुढे जातो. तेवढंच काम लहान कुकरमध्ये जास्त शिट्ट्या करून घेण्यासारखं हे आहे. फायदा असा की काडतूस आखूड होतं, साध्या बोल्ट रायफलीत तीन-चार मावतात आणि महागडी दुनळी लागत नाही.

मग जुन्या लोकांनी पुंगळी एवढी ऐसपैस का ठेवली? एक मोठं कारण आपला उन्हाळा. कॉर्डाइट तापलं की दाब वाढतो. मे महिन्यात रायफल उन्हात पडलेली, काडतुसं पट्ट्यात भाजलेली. अशा वेळी दाब मुळातच जास्त असेल तर पुंगळी फुगून नळीत अडकते आणि दुसरा बार निघत नाही. जखमी गवा तीस पावलांवर असताना हे परवडणारं नाही. म्हणून मोठी पुंगळी, कमी दाब. आजच्या दारूवर तापमानाचा परिणाम बराच कमी होतो, म्हणून आजची काडतुसं दाबाची चैन करू शकतात. जुने कारागीर मागासलेले नव्हते. त्यांच्यापुढची अट वेगळी होती.

यातला उपरोध पुढे आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने ‘आधुनिक’ म्हणून .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणलं आणि ते आफ्रिकाभर पसरलं. त्याच्या गोळीचा व्यास .४५८ इंच. रिग्बीच्या .४५० च्या गोळीचा खरा व्यासही .४५८ इंच! बंदी घातलेलं माप नव्या नावाने परत आलं होतं. दुसरीकडे बंदीमुळे जन्मलेलं .४७० आजही दुनळी रायफलींमधलं सगळ्यात लोकप्रिय काडतूस आहे. .४५० वरची बंदी पुढे उठली, पण तोवर गिऱ्हाईक .४७० कडे गेलं होतं ते गेलंच.

गवा, वाघ आणि थ्री नॉट थ्री

आपल्या सह्याद्रीत एवढ्या ताकदीची गरज पडावी असं जनावर एकच, गवा. मोठा नर आठशे-हजार किलोचा. कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं रान असलेलं दाजीपूर १९५८ मध्ये अभयारण्य झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं पर्वच संपवलं. डिसेंबर २०२० मध्ये एक गवा पुण्यात कोथरूडमध्ये शिरला, तेव्हा त्याच्यासमोर .४७० नव्हती. भुलीचे बाण होते, दोर होते आणि बघ्यांची तोबा गर्दी होती. तेवढ्या धावपळीने आणि ताणाने तो मेला. कोरेगाव तालुक्यात तर वाघाचे पट्टे आता फक्त आमच्या वाघ्या घेवड्याच्या दाण्यावर दिसतात.

जनावरं बंदुकीच्या टप्प्याबाहेर गेली, पण १९०७ चं तर्कशास्त्र गेलं नाही. फौजेची .३०३ नागरिकाला मिळत नसे. म्हणून हिंदुस्थानासाठी .३१५ च्या शिकारी रायफली निघाल्या. हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या फौजेचं, ८ मिलिमीटर मानलिखर. म्हणजे माणसं मारण्यासाठीच बनवलेलं. तरी ते चाललं, कारण इथल्या सरकारी कोठारात ते नव्हतं. गोळी किती घातक आहे याने फरक पडत नव्हता. ती चोरून आपल्यावरच झाडली जाईल का, एवढंच पाहिलं जात होतं.

स्वातंत्र्यानंतरही ही विभागणी टिकली. १९५९ चा शस्त्र कायदा आला, फौजी मापं ‘प्रतिबंधित बोअर’ राहिली, आणि इशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ रायफली बनवल्या. त्यांच्या काडतुसांच्या बुडावर ‘केएफ’ असा शिक्का दिसतो. म्हणजे आपलं खडकी, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना.

आमच्या जिल्ह्यात फौजी भरपूर. आमचे एक चुलते उभी हयात थ्री नॉट थ्री आणि एसएलआर खांद्यावर वागवून निवृत्त झाले आणि नंतर बारा बोअर घेऊन बँकेच्या दारात बसले. देशाने ज्या हातात फौजेची रायफल दिली, त्याच हाताला घरी आल्यावर ते माप मना. मला हे चूक वाटत नाही. बंदुका मोकाट असलेल्या देशांतल्या शाळांच्या बातम्या आपण वाचतोच. पण गोऱ्या सरकारची रयतेबद्दलची धास्ती आपल्या कायद्यात तशीच्या तशी उतरली, हे माहीत तरी असावं. निवडणूक लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा निघतात, तेव्हा चुलते म्हणायचे, “तिकडं बॉर्डरवर आमच्यावर भरवसा, इकडं मतदानाला न्हाई.”

शिकाऱ्यांच्या गप्पांत अजून वाद चालतो, .४७० भारी की .४१६? गणित सांगतं, दोन्ही सारखीच. फरक एवढाच की .४१६ कारखान्याच्या सोयीने ठरली आणि .४७० इथल्या माणसांना घाबरून.