संगिनीची बंदूक व तिची गोळी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत इतिहासाच्या कागदांची उणीव नाहीं. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे (मृत्यु १९२४) यांनीं पटवर्धनी दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस (मृत्यु १९२६) यांनीं कागदांबरोबर चित्रांचाही संग्रह केला. या परंपरेमुळें कागद वाचण्याचें शास्त्र आपणांकडे पुष्कळ वाढलें. शस्त्र वाचण्याचें तितकें वाढलें नाहीं. याद्यांत ‘बंदुका इतक्या, शिसें इतकें, दारू इतकी’ अशीं कलमें येतात, व वाचणारा त्यांवरून फौजेची शक्ति ठरवितो. परंतु हीं कलमें परस्परांशीं जुळत होतीं कीं नाहीं, हा प्रश्न आधीं सोडविला पाहिजे. त्याचें उत्तर बंदुकीच्या तोंडाशीं आहे.

ठासणीच्या बंदुकीचें काम सर्वांस ठाऊक आहे. नळींत दारू ओतावी, वर गोळी सोडावी, गजानें ठासावी, कानाशीं रंजक घालावें आणि बार काढावा. गोळी नळीहून किंचित् मोठी असेल तर ती मध्येंच अडकते. दारू व गोळी यांत पोकळी राहून नळी फुटण्याचें भय असतें. गोळी फार लहान असेल तर दारूचा जोर बाजूनें निसटतो, नेम राहत नाहीं, व नळी खालीं वळवितांच गोळी घरंगळूनही येते. शिवाय प्रत्येक बारानंतर आंत काजळी सांचते. म्हणून गोळी नळीपेक्षां थोडी लहान, पण थोडीच लहान, अशी लागे.

शिशाच्या वजनाचा हिशेबही येथेंच चुकतो. गोळीचा व्यास दीडपट झाला तर तिचें वजन दीडपट होत नाहीं, तें सुमारें साडेतीन पट होतें. एक पौंड शिशांत अर्ध्या इंच व्यासाच्या सुमारें ३७ गोळ्या होतात. पाऊण इंच व्यासाच्या केवळ ११. म्हणजे कोठारांत शिसें किती होतें हें कळल्यानें बार किती होते हें कळत नाहीं. नळीचें माप ठाऊक नसतां यादीवरून केलेलें अनुमान तिपटीनेंही चुकूं शकेल.

तोड्याच्या बंदुका निरनिराळ्या कारागिरांच्या हातच्या असत. त्यांच्या नळ्यांचें माप एक नसे. त्यामुळें ज्याची बंदूक त्याच्या जवळच तिच्या गोळीचा सांचा, हीच सोयीची रीत होती. अशा बंदुकीच्या तोंडाशीं पुष्कळदां फुगीर कडें किंवा जनावराचें मुख घडविलेलें असतें. तें पाहून आंतील नळी मोठी असावी असा समज करून घेणें योग्य नव्हे. जाड लोखंडांत बारीक छिद्र असणें नेहमींचेंच आहे.

संगिनीनें ही रीत पालटली. सतराव्या शतकांतील पहिली संगीन खुंटीची होती. तिची मूठ नळीच्या तोंडांत बसवीत, म्हणून ती बसली कीं बंदूक मुकी होई. त्याच शतकाच्या अखेरीस नळीवर बाहेरून चढणाऱ्या पोकळ बांगडीची संगीन निघाली. ती लावूनही बार काढितां येई. परंतु एका पलटणीच्या संगिनी एकमेकींच्या बंदुकींवर बसावयाच्या तर नळ्यांचा बाहेरील व्यास शक्य तितका सारखा पाहिजे. त्याबरोबर कागदांत दारू व गोळी गुंडाळलेलें तयार काडतूस आलें. तें सर्वांस वांटावयाचें तर आंतील व्यासही सारखा पाहिजे. इंग्रजांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी .७५ इंच होती, आणि गोळी सुमारें .६९ इंचाची, पौंडास चौदा. मधली दीड मिलिमीटरची जागा कागद व काजळी यांसाठीं सोडलेली असे.

या दोन पद्धति एका छावणींत आल्या त्या धारवाडच्या वेढ्यांत. तासगांवकर परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं टिपूच्या ताब्यांतील हा किल्ला १७९० च्या उत्तरार्धांत वेढिला, व तो १७९१ च्या एप्रिलांत हातीं आला. भाऊंच्या साहाय्यास कॅप्टन लिटल याच्या हाताखालीं मुंबईकर इंग्रजांच्या पलटणी होत्या. त्यांतील एडवर्ड मूर यानें १७९४ मध्यें या मोहिमेचा वृत्तांत छापिला. साताऱ्यास १८१८ ते १८२२ पर्यंत रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत त्याचा आधार घेतला. मराठी तोफांचा मारा फार मंद होता व दारूगोळा वेळेवर पोंचत नसे, हा त्या वृत्तांताचा सूर आहे, आणि पुढील लेखकांनीं त्याचा दोष आळसावर ठेविला. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्याच कसोटीनें भाऊंच्या तोडेवाल्या पायदळास मोजणें न्याय्य नव्हे. लिटलच्या शिपायाचें काडतूस त्याच्या शेजाऱ्यास चाले. तोडेवाल्याची गोळी शेजाऱ्यास चालेलच असें नाहीं. दोहों फौजांत वांटून घेण्याजोगी वस्तु म्हणजे सुटी दारू व कच्चें शिसें एवढीच.

पुढें १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड रायफल आली. तिची नळी .५७७ इंच, आंत पिळाच्या खाचा, आणि गोळी लांबट. बाराच्या जोरानें ती फुगून खाचांत बसे. प्रथम ही गोळी .५६८ इंचाची होती. नळी मळली म्हणजे ती ठासणें अवघड जाई, म्हणून १८५९ मध्यें ती.५५ इंचावर आणिली. संगीन तिलाही बांगडीचीच होती, पण ब्राउन बेसची गोळी तिच्या तोंडांत शिरणेंच शक्य नव्हतें. तोंडाशीं दिसणारें साम्य आंतील साम्याची साक्ष देत नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति आहे. प्रत्येक बंदुकीचीं दोन मापें टिपावीं: तोंडाचा बाहेरील व्यास व आंतील व्यास. संगीन चढते म्हणून ती त्याच बंदुकीची, असें लिहूं नये. शिशाच्या गोळ्या आकारानें निवडून सुबक राशी करूं नयेत. त्या जेथें सांपडल्या त्या ठिकाणाच्या नांवानिशीं वेगळ्या ठेवाव्या व तोलाव्या. ठिकाण गेलें कीं त्यांचा पुरावाही गेला, आणि तो परत मिळत नाहीं. माप घेण्यापूर्वीं नळींत लांकडी काठी घालून ती कानापर्यंत पोंचते कीं नाहीं हें पाहावें. अलीकडेच थांबली तर आंत बार शिल्लक असूं शकतो, व जुनी दारू शतकानंतरही पेटते. अशा बंदुकीस हात न लावतां जाणत्यास बोलवावें. कोणतीही जुनी बंदूक उडवून पाहूं नये. इतकी दक्षता घेतली तर याद्यांतील ‘शिसें इतकें’ या कलमांतून बार किती होते हें निदान अंदाजानें सांगतां येईल.