न दिसणाऱ्या निर्यातीचे बंदर

निर्यात म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गोदी उभी राहते. मुंबईची धक्क्याला लागलेली जहाजे, न्हावा-शेवाची कंटेनरे, रत्नागिरीच्या हापूसच्या पेट्या, लासलगावच्या कांद्याची पोती. पेटी असते, तिचे वजन असते, किंमत लिहिलेला कागद असतो आणि त्यावर सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का असतो. प्रशासनाला निर्यात कळते ती अशी.

बंगळूरला यातले काहीच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराला ना किनारा, ना नौकानयनाची नदी. तरीही भारताच्या सेवानिर्यातीचे ते सर्वांत मोठे केंद्र झाले. २०२४-२५ या वर्षात भारताची वस्तुनिर्यात सुमारे ४३७ अब्ज डॉलर होती आणि सेवांची निर्यात सुमारे ३८७ अब्ज डॉलर. म्हणजे न दिसणारा माल दिसणाऱ्या मालाच्या जवळ येऊन ठेपला आहे.

या यशाचे एक लोकप्रिय स्पष्टीकरण असे, की सरकारचे लक्ष नव्हते म्हणून हा उद्योग वाढला. वाक्य चटकदार आहे, पण इतिहास तपासला तर ते टिकत नाही. सरकार या कथेत पहिल्यापासून आहे. कधी वाट अडवणारे, कधी वाट काढून देणारे. त्याने वाट नेमकी कशी काढून दिली, हे समजून घेणे प्रशासनाच्या अभ्यासकाला आणि घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी वाचकालाही उपयोगाचे आहे.

माणसे आधी आली

बंगळूरशी मराठी संबंध जुना आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले आणि त्यांनी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना तीन लाख रुपयांस विकण्याची बोलणी सुरू केली. १६८७ मध्ये मध्येच मोगलांनी शहर घेतले आणि अखेर ते म्हैसूरकरांकडे गेले. तेव्हाही ते पेठांचे, म्हणजे व्यापाराचेच गाव होते.

आधुनिक काळातले दुवे अधिक महत्त्वाचे आहेत. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभियांत्रिकी शिकली पुण्यात. १८८४ पासून त्यांनी मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी रचलेले स्वयंचलित दरवाजे बसवले गेले. १९१२ मध्ये ते म्हैसूरचे दिवाण झाले, ते हा सारा अनुभव घेऊनच. जमशेटजी टाटांनी कल्पिलेली विज्ञानसंस्था १९०९ मध्ये बंगळुरात स्थापन झाली, कारण म्हैसूर दरबाराने सुमारे ३७० एकर जमीन देऊ केली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना विमानांचा कारखाना काढायचा होता. १९४० मध्ये तो म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरातच निघाला. त्याचेच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाले. स्वातंत्र्यानंतर टेलिफोन, यांत्रिक हत्यारे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचे मोठे सार्वजनिक कारखाने येथे आले.

तात्पर्य, सॉफ्टवेअर हा शब्द रूढ होण्यापूर्वीच या शहरात नकाशा वाचणारी, मोजमाप जाणणारी, इंग्रजीत अहवाल लिहिणारी दोन पिढ्यांची माणसे तयार होती. ती तयार करण्यात दोन्ही राज्यांच्या माणसांचा आणि पैशाचा वाटा होता.

परवान्याचे युग

भारतीय सॉफ्टवेअरची निर्यात सुरू झाली ती मात्र मुंबईतून. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ ची; सांताक्रूझचे इलेक्ट्रॉनिक्स निर्यातक्षेत्र, म्हणजे 'सीप्झ', १९७३ चे. त्या काळी संगणक आयात करायचा तर परवाना लागे, जबर शुल्क पडे आणि बदल्यात अमुक इतके परकीय चलन मिळवून देण्याची हमी द्यावी लागे. त्यासाठी दिल्लीच्या खेपा हा उद्योजकाच्या कामाचा भागच होता.

यातून एक विचित्र पद्धत रुळली. संगणक येथे आणणे कठीण, म्हणून माणूसच संगणकापाशी पाठवायचा. अभियंता अमेरिकेत ग्राहकाच्या कार्यालयात बसून काम करी. येथे उरे ती फक्त कमाई. जे काम येथे होई, ते चुंबकीय फितीवर उतरवून पाठवावे लागे. सीमाशुल्क खात्याच्या दृष्टीने निर्यात होई ती फितीची. तिच्यावर लिहिलेल्या आज्ञावलीचे मोल ठरवण्याचे साधन त्या टेबलावर नव्हते.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. पुण्याने काही चूक केली म्हणून ती गेली असे नव्हे. 'मायको' हा ग्राहक बंगळुरात होता म्हणून गेली. कर्नाटकाच्या 'केऑनिक्स' या सरकारी महामंडळाने, आर. के. बाळिगा यांच्या पुढाकाराने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस होसूर रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी ३३२ एकर जमीन घेऊन ठेवली होती. त्या माळरानाकडे तेव्हा फारसे कोणी वळत नव्हते.

एका व्याख्येचा बदल

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची अट सैल केली. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकन कंपनी बंगळुरात आली आणि तिने उपग्रहाद्वारे थेट संपर्क मागितला. पेच कायद्याचा होता. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे तारायंत्रणेचा अनन्य अधिकार केंद्र सरकारचा. त्यावर तोडगा असा निघाला, की उपग्रहाचा दुवा कंपनीच्या कामासाठी, पण त्याचे नियंत्रण सरकारी दूरसंचार यंत्रणेकडे. शंभर वर्षे जुना कायदा न मोडता नव्या व्यापाराला जागा करून दिली गेली. डिसेंबर १९८६ मध्ये सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र धोरण आले.

खरी कलाटणी मिळाली १९९०-९१ मध्ये. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने बंगळूर, पुणे आणि भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्याने सुरू केली. जून १९९१ मध्ये ती एका स्वायत्त संस्थेत गुंफली गेली. विभागाचे सचिव होते एन. विठ्ठल. योजनेचे मर्म थोडक्यात असे सांगता येईल :

१) दळणवळण : उद्यानाने स्वतःचे उपग्रह भूस्थानक उभारले आणि त्यावरची क्षमता लहान कंपन्यांना भाड्याने दिली. ६४ किलोबिटची वाहिनी आज हास्यास्पद वाटेल. पण जी कंपनी स्वतःचे भूस्थानक बांधू शकत नव्हती, तिला प्रथमच जगाशी जोडणारी तार मिळाली.

२) शुल्क : कंपनीचे आवार सीमाशुल्क कायद्याखाली बाँडेड गोदाम मानले गेले, त्यामुळे संगणक शुल्काविना आणता येऊ लागले. गोदामाची ही अट पुढे २०१६ मध्ये रद्द झाली. आयकरातील सवलत मार्च २०११ मध्ये संपली.

३) मोजमाप : वस्तूंच्या निर्यातीसाठी रिझर्व्ह बँकेचा जी.आर. फॉर्म होता. तारेवरून जाणाऱ्या कामासाठी 'सॉफ्टेक्स' हा वेगळा फॉर्म आला. उद्यानातल्या निर्यातीचे मूल्य उद्यानाचाच नियुक्त अधिकारी प्रमाणित करी.

वाचकहो, या तिन्हींत तिसरा मुद्दा सर्वांत रूक्ष दिसतो आणि मला तोच सर्वांत मोठा वाटतो. ज्या मालाला वजन नाही, जो कोणत्याही फाटकातून बाहेर जात नाही, तो 'गेला' असे सही करून सांगणारा एक अधिकारी शासनाने नेमला. पेटी पाहिल्याशिवाय शिक्का नाही, ही शतकाची सवय एका फॉर्मने मोडली. शासनाने येथे अनुदानाची मोठी रास ओतली नाही. आपली एक व्याख्या बदलली आणि सही करण्याचा अधिकार कामाच्या जागेपाशी आणून ठेवला.

पुणे आणि बंगळूर

पुणे आणि बंगळूर ही दोन्ही शहरे त्या योजनेच्या पहिल्या तिघांत होती. पुणे मागे पडले असे म्हणता येत नाही. हिंजवडी त्याची साक्ष आहे. तरी बंगळूर पुढे गेले हे खरे. सार्वजनिक कारखान्यांतले अभियंते, विज्ञानसंस्था आणि लवकर आलेल्या परदेशी कंपन्या यांचा एकत्रित परिणाम झाला. खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये कर्नाटकात आधीपासून होती. महाराष्ट्राने वसंतदादा पाटलांच्या काळात, १९८३ मध्ये, ते दार उघडले.

विमानतळाचेही उदाहरण पाहावे. सेवाव्यापारात बंदराचे काम विमानतळ करतो. बंगळूरच्या नव्या विमानतळाची कल्पना १९९१ ची. देवनहळ्ळीला तो सुरू झाला २४ मे २००८ रोजी. सतरा वर्षे ही काही गतीची खूण नव्हे. पण पुणे अजून लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीवरच अवलंबून आहे. नव्या विमानतळाची जागा आधी खेड-चाकण परिसरात शोधली गेली आणि २०१६ मध्ये पुरंदरला वळली. उशीर झालेला प्रकल्प आणि न झालेला प्रकल्प यांत हाच फरक असतो.

सिंगापूरचा धडा

सेवाव्यापारावर जगणारे राष्ट्र म्हणजे सिंगापूर. त्याने बंगळूर लवकर ओळखले. व्हाइटफील्डचे इंटरनॅशनल टेक पार्क हे सिंगापूरच्या कंपन्या, टाटा आणि कर्नाटक सरकार यांच्या १९९४ च्या भागीदारीतून उभे राहिले. अखंड वीज, पाणी आणि दूरसंचार एकाच आवारात मिळेल, हे त्याचे वैशिष्ट्य. शहर जे देऊ शकत नव्हते, ते कुंपणाच्या आत देण्याची ही युक्ती होती.

२००५ मध्ये भारत आणि सिंगापूर यांच्यात सर्वंकष आर्थिक सहकार्य करार झाला. जागतिक व्यापार संघटनेच्या सेवाविषयक करारात व्यापाराचे चार मार्ग मानले आहेत. सेवा तारेवरून सीमा ओलांडते. ग्राहक स्वतः येतो, जसे परदेशी रुग्ण बंगळूरच्या रुग्णालयात येतात. कंपनी दुसऱ्या देशात कार्यालय उघडते. आणि चौथा, माणूस स्वतः सेवा देण्यास जातो. भारताचा भर नेहमी चौथ्यावर राहिला आहे. पण माणूस गेला तरी त्याची पदवी तेथे चालली पाहिजे. सिंगापूरशी झालेल्या करारात लेखापाल, वास्तुरचनाकार, डॉक्टर, दंतवैद्य आणि परिचारिका या पाच व्यवसायांच्या परस्पर मान्यतेचा उल्लेख होता. परिचारिकांचा करार झाला २०१८ मध्ये; म्हणजे तेरा वर्षांनी. मालावरचे शुल्क एका अधिसूचनेने उतरते. माणसाची पात्रता मान्य करायला मात्र दोन देशांच्या व्यावसायिक परिषदांची मने वळवावी लागतात.

२०१९ मध्ये भारत आशियाई प्रादेशिक व्यापार करारातून बाहेर पडला. त्यामागे स्वस्त मालाच्या आयातीची भीती होती. सेवांना आणि माणसांना पुरेशी वाट मिळत नाही, ही तक्रारही होती.

सर्वांत मोठा करार

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चौथ्या मार्गासाठी भारत जगभर वाटाघाटी करतो. पण आपल्यापैकी जे पुणे, नाशिक, कोल्हापूर सोडून बंगळूरला आले, त्यांना कोणी व्हिसा विचारला नाही. विश्वेश्वरय्या म्हैसूरहून पुण्याला शिकायला गेले, वालचंद सोलापूरचे असून बंगळुरात कारखाना काढू शकले, इन्फोसिस दोन वर्षांत एका राज्यातून दुसऱ्यात गेली. संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संचार, वास्तव्य आणि व्यवसाय यांचे जे स्वातंत्र्य दिले, तोच आपला सर्वांत मोठा सेवाव्यापार करार आहे.

तो गृहीत मात्र धरता येत नाही. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक मंजूर केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते लगेच थांबवले. अशा मागण्या महाराष्ट्रातही होत आल्या आहेत, तेव्हा आपण कोणाला बोल लावण्याचे कारण नाही. ही मागणी नुसत्या द्वेषातून येत नाही, हे समजून घेतले पाहिजे. निर्यातीवर वस्तू व सेवा कर नसतो, आणि ते योग्यही आहे. पण निर्यात करणारा माणूस शहराचे पाणी पितो, रस्ता वापरतो. कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात टंचाईने शहराचे हाल झाले. आणि या शहराच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर पाच वर्षे निवडणूक झाली नाही. २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका आल्या. मुंबई-पुण्यातही २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. ज्या नागरिकाच्या दारी नळाला पाणी नाही, त्याला अब्जावधी डॉलरचा आकडा आपला वाटत नाही.

कुंपणाच्या आत वीज-पाणी देण्याची युक्ती १९९४ मध्ये ठीक होती. आज कुंपणाबाहेरचे शहर हेच बंदर झाले आहे, आणि गाळ साचलेल्या बंदरात जहाज येत नाही.

म्हणून दोन सूचना. प्रशासनाने १९९१ ची पद्धत आठवावी. निर्णय कामाच्या जागेपाशी आणून, सही करणारा अधिकारी ओळखीचा ठेवून आणि त्याला उत्तरदायी करून तेव्हा तारेचा प्रश्न सुटला. तसाच वॉर्डातला पाण्याचा आणि कचऱ्याचा सुटू शकतो. दुसरी सूचना आपल्याला. बंगळुरात दहा-पंधरा वर्षे काढूनही ज्याला भाजीवाल्याशी कन्नडमध्ये चार वाक्ये बोलता येत नाहीत, अशांची संख्या आपल्यात कमी नाही. येथे येताना कोणी आपली भाषापरीक्षा घेतली नाही. ती आपणच आपली घ्यावी.